रिपोर्ट नॉर्मल आणि पाठ रोज दुखते: इंदूरमध्ये निदानापर्यंत पोहोचताना

तिसऱ्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, क्षणभर पाहिला आणि माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "कुछ नहीं है. इनको बोलो, टेंशन कम लें." मी तेव्हा ३४ वर्षांची होते. तीन वर्षं रोज पहाटे कंबर अशी आखडायची की कुशीवर वळून, पलंगाची कड धरून उठावं लागायचं. निदान व्हायला पुढे आणखी तीन वर्षं गेली. लागलेल्या सगळ्या तपासण्या इंदूरमध्येच होत होत्या, आणि योग्य डॉक्टरही माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होते. मला फक्त काय सांगायचं, कोणाला सांगायचं आणि काय विचारायचं हे कळत नव्हतं.

ज्यांचं दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलंय आणि ज्यांना "काही नाही" म्हणून परत पाठवलं जातंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. सहा वर्षं रांगेत बसून जे शिकले ते क्रमानं सांगते.

आधी एक अपवाद

पुढचं सगळं काम सावकाश करायचं आहे, पण काही लक्षणांना थांबायचं नसतं. लघवी अडली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला; बसायच्या जागी आणि मांड्यांच्या आतून बधिरपणा आला; पायातली ताकद कमी होत चालली; छातीतली कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली; तर त्याच तासाला इमर्जन्सी गाठा. एमवायची (महाराजा यशवंतराव, इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय) कॅज्युअल्टी रात्रंदिवस चालू असते, रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. आणि रोज संध्याकाळी कसर (बारीक ताप), वजन घटणं किंवा पूर्वी कधी कर्करोग झालेला असेल, तर पुढे सांगितलेली वही वगैरे नंतर, डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा.

पहिलं काम: दुखण्याला घरचा शब्द द्या

डॉक्टरांसमोर बसलं की आपण "कमर में दर्द है" एवढंच बोलतो. आईजवळ आपण असं कधी बोलतो का? तिला सांगतो, चमक भरली, पोटरीत वांब आला, दाढ ठणकतेय, तळपायांची आग होतेय, अंग मोडून आलंय. या प्रत्येक शब्दात डॉक्टरांना हवी असलेली माहिती असते, आणि हिंदीत जाताना ती सगळी "दर्द" या एका शब्दात बुडते. इंदूरमध्ये आपल्या चार-चार पिढ्या गेल्या, हिंदी आपण झोपेतही बोलतो. तरी दुखतं ते मराठीतच.

म्हणून जायच्या आधी घरी बसून शब्द जुळवून ठेवा. आग, मुंग्या, बधिरपणा यांना अनुक्रमे जलन, झुनझुनी, सुन्नपन म्हणा. हे तीन एकत्र आले की डॉक्टरांचा विचार नसांकडे वळतो: रक्तातली साखर, बी-१२ ची कमतरता, कुठेतरी दबलेली नस. कंबरेतून निघून पायात धावत जाणारी सणक असेल तर "करंट जैसा, कमर से पंजे तक जाता है" असं बोटानं वाट दाखवत सांगा. कळ येऊन जात असेल तर "मरोड़ है, रुक-रुककर आती है". ठणका असेल तर "नब्ज़ की तरह धड़कता है". कसर म्हणजे "शाम को हरारत". हा शब्द तर गिळूच नका, कारण मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही होतो. पाठदुखी, कसर आणि घटतं वजन हे त्रिकूट डॉक्टरांच्या कानावर पडलंच पाहिजे.

आणि आखडणं म्हणजे जकड़न. हा शब्द उच्चारला की लगेच पुढे वेळ सांगा. "सुबह की जकड़न, डेढ़ घंटे में खुलती है." दहा मिनिटांत सुटणारी आखडण आणि अर्ध्या तासाहून जास्त टिकणारी आखडण, यांतून डॉक्टर वेगवेगळ्या आजारांकडे जातात. मी सहा वर्षं वेळ सांगितलीच नव्हती. मला कोणी विचारलीही नव्हती.

मराठी कळणारे डॉक्टर इंदूरमध्ये कमी नाहीत. बोलायला सुरुवात करायच्या आधी "आपको मराठी आती है क्या?" एवढं विचारण्यात संकोच करू नका. माझ्या सासूबाईंनी रामबागेतल्या एका डॉक्टरांना "गुडघ्यात कच्चकन् होतं हो" असं सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी त्यांचा गुडघा हातात धरून वाकवून पाहिला.

दुसरं काम: तीन आठवड्यांची वही

शंभर पानी वही पुरते. रोज चार ओळी: केव्हा दुखलं, कुठे, कशानं वाढलं, कशानं कमी झालं. गोळी घेतली असेल तर तिचं नाव, मात्रा आणि फरक पडला की नाही. बायकांनी पाळीची तारीख प्रत्येक वेळी लिहावी, दुखणं खांद्यात असलं तरी.

दहापैकी किती असा आकडा डॉक्टर विचारतात, तो लिहाच. पण त्याच्या जोडीला अडलेलं काम लिहा. "सात" म्हटल्यानं चित्र उभं राहत नाही. "पाच लिटरचा कुकर ओट्यावरून उतरवता येत नाही", "स्कूटी स्टँडवर चढवता येत नाही", "पूजेला मांडी घालून बसले की उठायला हात लागतो" हे कोणालाही दिसतं, आणि उपचारानंतर सुधारणा मोजायलाही हेच उपयोगी पडतं.

माझ्या वहीतल्या तीन नोंदी जशाच्या तशा देते.

"पहाटे ३.१५ ला जाग. उजवा कुल्ला. स्वयंपाकघरापर्यंत दहा फेऱ्या मारल्या, मग बरं."

"रविवार. दुपारी दोन तास झोपले. उठताना आखडण जास्त."

"गणपतीचा चौथा दिवस. सकाळपासून उभी, मोदक, आरती, पाहुणे. पाठ गप्प."

या तिन्ही एकाखाली एक वाचल्या तेव्हा मी चक्रावले. विश्रांती घेतली की वाढतं, हालचाल केली की कमी होतं. आणि मला तर सहा वर्षं प्रत्येक जण "आराम करा" सांगत होता! मणक्याच्या सांध्यांना आतून सूज येणाऱ्या संधिवातात (स्पाँडिलोआर्थ्रायटिस; मला तोच होता) दुखणं नेमकं असंच वागतं. सुरुवात बहुधा चाळिशीच्या आत होते, हळूहळू होते, रात्रीच्या उत्तरार्धात जाग येते आणि कधी उजवा, कधी डावा कुल्ला दुखतो. सुरुवातीच्या वर्षांत एक्स-रे अगदी स्वच्छ असू शकतो. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्याही नॉर्मल येऊ शकतात. पूर्वी हा पुरुषांचा आजार समजला जाई, त्यामुळे बायकांच्या बाबतीत तो उशिरा सुचतो.

वहीच्या शेवटच्या पानावर एक वेगळी यादी करा: गेल्या दहा वर्षांत शरीरात जे जे झालं ते, दुखण्याशी संबंध वाटो न वाटो. माझा डावा डोळा दोनदा लालभडक होऊन दुखला होता, उजेड सहन होत नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, बरं झालं, मी विसरले. हाडांच्या डॉक्टरांना डोळ्याचं सांगावं असं कुणाला वाटेल? पण पाठीचा हा संधिवात आणि डोळ्याच्या आतली सूज ही दोघं बऱ्याचदा सोबत फिरतात. त्वचेवरचा सोरायसिस, बरेच दिवस चाललेले रक्ताचे जुलाब, टाचेची न जाणारी दुखण हेही याच यादीत येतात.

तिसरं काम: फाईल, आणि तिच्यावर एक पान

थर्मल कागदावरचे रिपोर्ट काही महिन्यांत पुसट होतात, त्यांची झेरॉक्स काढा. सगळं तारखेनं लावा, सर्वांत नवं वर. एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही मागून घ्या. नुसता छापील रिपोर्ट असला तर पुढचे डॉक्टर स्वतः पाहू शकत नाहीत. आणि फाईलच्या सुरुवातीला एक पान हिंदीत किंवा इंग्रजीत: दुखणं केव्हा सुरू झालं, कसं वागतं, कोणती औषधं झाली आणि त्यांचा परिणाम, कोणत्या तपासण्या झाल्या, घरात कोणाला संधिवात, थायरॉइड, मधुमेह आहे. एकच पान. जाडजूड फाईल पुढ्यात आली की डॉक्टर ती मिटूनच ठेवतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि समोरच्या पन्नास माणसांच्या रांगेकडे बघितलं की त्यांचंही समजतं.

चौथं काम: कोणाकडे जायचं

आपल्याकडे पाठ दुखली की हाडांचे डॉक्टर, हा सरळ हिशोब असतो. पडल्या-झडल्याचं, घासलेल्या गुडघ्याचं दुखणं असेल तर तो बरोबर आहे. पण कारण माहीत नसेल तर मी आधी चांगल्या फिजिशियनकडे जायला सांगेन, कारण ते सगळं शरीर एकत्र बघतात. सकाळची लांब आखडण, सुजलेली बोटं, डोळा-त्वचेची जोड असेल तर संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट. हे हाडांच्या डॉक्टरांपेक्षा वेगळे, हे मला सहाव्या वर्षी कळलं. आग, मुंग्या, चेहऱ्यात वीज चमकल्यासारखी सणक असेल तर न्यूरॉलॉजिस्ट. चेहऱ्याच्या नसेच्या या दुखण्यात दाढेचाच संशय येतो आणि धडधाकट दाढा उपटल्या जातात, तेव्हा दात काढण्याआधी एकदा विचारा.

ओटीपोट पाळीच्या आसपास दुखत असेल, संडासला किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि त्यांच्यासमोर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) हा शब्द स्वतः उच्चारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही असं ठरत नाही. "पाळी म्हटली की दुखायचंच" हे वाक्य आत्या-मावश्यांकडून ऐकत आपण मोठ्या झालो. कॉलेज बुडवावं लागतं, ओकाऱ्या होतात, असं दुखणं मुलीनं सोसायचं नसतं. तिला घेऊन जा.

वेदना-चिकित्सा केंद्र, ज्याला पेन क्लिनिक म्हणतात, तिथे बहुतेक भूलतज्ज्ञ असतात. निदान झाल्यावर, किंवा निदानाचे सगळे रस्ते संपल्यावर, त्यांचा फार आधार होतो.

खर्चाचा प्रश्न असेल तर एमवायची ओपीडी आहे. सकाळी लवकर पोहोचा, पर्चा काढा, कोणत्या विभागाची ओपीडी कोणत्या वारी ते आदल्या दिवशी विचारून घ्या. सरकारी दवाखान्यात अडवणूक झाली तर १८१ ही सीएम हेल्पलाइन आहे. भोपाळचं एम्स दोनशे किलोमीटरच्या आत आहे आणि तिथली नोंदणी ऑनलाइन होते. आयुष्मान कार्डावरचे वर्षाचे ५ लाख भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असतात, ओपीडीच्या तपासण्या त्यात धरू नका. पुण्या-मुंबईला बहीण किंवा दीर असेल तर दुसरं मत तिकडे घेणं आपल्या घरांतून नेहमीचं आहे. फक्त फाईल आणि सीडी बरोबर न्या, नाहीतर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

पाचवं काम: तपासण्या, कमी आणि नेमक्या

पहिल्या फेरीत साधारण हिमोग्राम, ईएसआर, सीआरपी, थायरॉइड, साखर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, डी आणि बी-१२ जीवनसत्त्व एवढं येतं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार नेहमीचं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते आणखी उतरतं. डी जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या मात्र शेजारणीला बरं वाटलं म्हणून महिनोन् महिने घेऊ नका. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडांना त्रास होतो.

"फुल बॉडी" पॅकेजपासून मी आता लांब राहते. संधिवातासाठी रक्तात पाहतात तो आरए फॅक्टर निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येतो, आणि पाठीच्या संधिवाताशी जोडलेलं एचएलए-बी२७ हे जनुक असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. लक्षणांशिवाय हे आकडे नुसती झोप उडवतात. एमआरआयचंही तसंच. दुखणं मुळीच नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा निघाला होता. त्यात वीस वर्षांच्या सुमारे ३० टक्के लोकांत आणि ऐंशी वर्षांच्या ८४ टक्के लोकांत डिस्क (दोन मणक्यांमधली चकती) फुगलेली आढळली. तेव्हा "डिस्क बल्ज" वाचून लगेच शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका. उलट बाजूही लक्षात घ्या: कंबरेच्या मणक्यांचा एमआरआय नॉर्मल म्हणजे त्याच्या खालचे, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंचे सांधे नॉर्मल, असं होत नाही. ते वेगळे पाहावे लागतात. माझा पहिला एमआरआय कंबरेचा होता. आजार दोन बोटं खाली होता.

सहावं काम: खोलीतली पाच मिनिटं

पहिली तीन वाक्यं घरून पाठ करून न्या. माझी अशी होती: "डॉक्टर साहब, छह साल से कमर के नीचे दर्द है. आराम करने से बढ़ता है, चलने से कम होता है, रात तीन बजे नींद खुलती है. सुबह डेढ़ घंटा जकड़न रहती है." एवढं बोलून थांबले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आँख कभी लाल हुई थी?" त्या प्रश्नानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बरोबर एकच माणूस न्या, आणि त्याला आधीच सांगा की उत्तरं मी देणार, तू लिहून घे. डॉक्टरांजवळच्या खुर्चीत आजारी माणूस बसेल असं पाहा. नवरा किंवा मुलगा तिथे बसला की संभाषण तिकडे वळतं, त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, पण आजाराचे बारकावे हरवतात. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर स्त्री रुग्णाला जवळ एखादी बाई असण्याचा हक्क आहे.

"टेंशन है" असं म्हटलं गेलं तर भांडू नका, उठूनही येऊ नका. विचारा: "हो सकता है. पर आपने और किन बीमारियों का सोचा, और वो क्यों नहीं हैं? पर्चे पर लिख देंगे?" दुसरं वाक्य: "अगर छह हफ्ते में आराम नहीं मिला, तो अगला कदम क्या होगा?" या दोन प्रश्नांनी, आवाज न चढवता, डॉक्टरांना पुन्हा विचार करायला लावलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

मनाचा उल्लेख झाला की आपल्याला अपमान वाटतो. मलाही वाटला होता. पण यात एक गाठ सोडवून घेतली पाहिजे. २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात तीन महिन्यांहून जास्त टिकणारी वेदना हा स्वतःच एक आजार म्हणून नोंदवता येतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेनं २०२० च्या सुधारित व्याख्येबरोबर स्पष्ट लिहिलं की माणूस जे दुखणं सांगतो त्याचा आदर केला पाहिजे. फायब्रोमायल्जियात तर सगळे रिपोर्ट नॉर्मलच असतात आणि सगळं अंग दुखतं. त्याचं निदान लक्षणं ऐकूनच होतं. अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून दिलं आणि केमिस्टनं "डिप्रेशन की है" म्हटलं, तर घाबरू नका, नसांच्या दुखण्यावर ही औषधं दिली जातात. आणि वर्षानुवर्षं दुखून मन खरंच खचलं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर बोला. मन खचलंय म्हणून दुखण्याचा शोध थांबवायचा नाही, एवढं मात्र ठाम धरा.

मधल्या काळातल्या गोळ्या

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या रोज, स्वतःच्या मनानं, महिनोन् महिने घेऊ नका. जठरात व्रण होतो, मूत्रपिंडं बिघडतात, रक्तदाब वाढतो. मात्र अशा गोळीनं दुखणं एका दिवसात अगदी विरघळलं असेल तर ते वहीत लिहा, सूज असलेल्या संधिवाताकडे तो एक इशारा असतो. ज्या पुडीनं किंवा बिननावाच्या सुईनं जादूसारखं बरं वाटतं, तिच्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी असते. चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना खरं सांगा. रागावले तर रागावू द्या.

डॉक्टर कधी बदलावे

अंगाला हात न लावता दोन भेटी झाल्या, प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, औषधानं फरक नाही आणि तरी तीच चिठ्ठी पुन्हा आली, तर बदला. दुसरं मत घेणं हा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे आपले कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. पण दर महिन्याला नवे डॉक्टर, हेही मी केलं आहे, आणि त्यात माझं एक वर्ष वाया गेलं. कोणालाही माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहायची संधीच मिळाली नाही. औषधाला सांगितलेला वेळ द्या, वही घेऊन परत त्याच दारात जा, मग ठरवा.

निदान झालं त्या दिवशी

त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं आणि काहीच डोक्यात शिरत नाही. मी दवाखान्यातून निघून बाहेर रसवंतीपाशी अर्धा तास नुसती उभी होते. म्हणून हे चार प्रश्न वहीच्या मुखपृष्ठावर आधीच लिहून ठेवा. आजाराचं नाव स्पेलिंगसकट पर्च्यावर लिहून द्याल का? निदान किती पक्कं आहे, अजून काय तपासायचं उरलंय? हे औषध किती आठवड्यांनी काम करू लागेल आणि तोवर कोणत्या त्रासाला लगेच फोन करायचा? पुढची तारीख कोणती? उत्तरं बरोबरच्या माणसाला लिहू द्या. घरी आल्यावर आई विचारतेच, "काय म्हणाले गं डॉक्टर?" तेव्हा तो कागदच तिच्या हातात द्या.